जुन्या मोटारीचा सौदा आणि घाईचे शास्त्र

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार कारखान्यापाशी सुरुवात करतात आणि कारखान्यापाशीच थांबतात. हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' बाजारात आणली, १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात जोडणीचा सरकता पट्टा सुरू केला, १९१४ साली पाच डॉलर रोज जाहीर केला, येथवरचा वृत्तांत आमच्या कामगार अभ्यासवर्गांतही अनेकदा सांगून झाला आहे. परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली मोटार पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हाती कशी गेली आणि त्या प्रत्येक वेळी विकणाऱ्याने घेणाऱ्याला कसे गाठले, हे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक सामान्य माणसाची मोटारीशी गाठ पडते ती येथेच. नवी मोटार सुखवस्तू माणूस घेतो; जुनी घेतो तो फिटर, कारकून, शाळामास्तर, भाड्याने गाडी फिरवून पोट भरू पाहणारा चालक. त्याच्या दहा वर्षांच्या बचतीचा निकाल एका दुपारी लागतो. ती दुपार एवढी आखूड का असते, हाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जुन्या मालाच्या सौद्यात लबाडी पूर्वी नव्हती असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडचे बैलबाजार पाहा. हेडी बैलाची शिंगे घासून रंगवी, खोड झाकी, आणि भाव रुमालाखाली बोटे धरून ठरे. तथापि घेणारा शेतकरी त्या बाजारात एकटा नसे. गावचे दोन जाणते सोबत असत. ते दात बघत, बैल चालवून बघत, वेळ पडल्यास गाडीला जुंपून बघत. मुख्य गोष्ट अशी की, बैलाविषयी हेड्याला जेवढे कळे तेवढेच शेतकऱ्यालाही कळे. मोटारीने ही बरोबरी मोडली. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसण्याइतका वेळ त्याला मिळू नये याची व्यवस्था पद्धतशीरपणे उभी राहिली. ती प्रथम अमेरिकेत उभी राहिली, म्हणून तेथील हकीकत आधी सांगितली पाहिजे.

या शास्त्राचा जन्म मोटारीच्याही आधी, गल्ल्यावरच्या हिशेबयंत्राच्या धंद्यात झाला. ओहायो प्रांतातील डेटन शहरी 'नॅशनल कॅश रजिस्टर' नावाची कंपनी होती. तिचा चालक जॉन पॅटरसन याने १८८७ साली आपल्या विक्रेत्यांच्या हाती एक लहानसे पुस्तक दिले. गिऱ्हाइकाशी काय बोलायचे, तो नाही म्हणाला तर पुढे काय म्हणायचे, कागद सहीला केव्हा पुढे सरकवायचा, सारे त्यात लिहिलेले होते, आणि ते तोंडपाठ करावे लागे. प्रत्येक विक्रेत्याला अमुक इतका माल खपवलाच पाहिजे, असा कोटाही याच कंपनीने बांधून दिला. जुनी यंत्रे विकणारे दुकानदार आपल्या नव्या मालाच्या आड येतात असे दिसताच तिने १९०३ साली थॉमस वॉटसन नावाच्या आपल्या माणसाला स्वतंत्र दुकानदाराच्या वेषात न्यूयॉर्कमध्ये बसवले आणि त्याच्याकरवी जुन्या यंत्रांच्या दुकानदारांना धंद्यातून उठवले. १९१३ साली या कारस्थानाबद्दल पॅटरसन, वॉटसन आणि इतरांना शिक्षा झाली. १९१५ साली अपिलात ती रद्द ठरली. हाच वॉटसन पुढे 'आय.बी.एम.'चा सर्वेसर्वा झाला. याच कंपनीच्या तालमीत तयार झालेला रिचर्ड ग्रँट पुढे शेव्हरोले मोटारींच्या विक्रीचा प्रमुख झाला. पाठ केलेली भाषणे आणि बांधून दिलेला कोटा अशी वाट काढीत मोटारीच्या दुकानात आली.

आली ती वेळही मोठी अचूक होती. सुरुवातीला ८५० डॉलरला विकली जाणारी फोर्डची मोटार १९२५ च्या सुमारास २६० डॉलरपर्यंत उतरली होती, आणि ज्याला परवडत होती त्या बहुतेकांनी ती घेऊन झाली होती. आता नवी मोटार खपवायची तर माणसाची जुनी मोटार आधी काढून घेतली पाहिजे. जनरल मोटर्सचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन याने पुढे आपल्या आत्मवृत्तात या काळातील बाजार बदलणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : हप्त्यांची विक्री, जुनी गाडी बदल्यात घेण्याची पद्धत, बंद छपराची गाडी आणि दरवर्षी नवा नमुना. यांतील पहिल्या दोहोंनी जुन्या मोटारींचा डोंगर दुकानदाराच्या अंगणात आणून टाकला. कारखाना त्याच्यावर नव्या गाड्या लादी. त्या खपवण्यासाठी तो जुन्या गाड्या चढ्या भावात घेई. आणि तो चढा भाव वसूल करायचा कोणाकडून, तर जुनी गाडी घ्यायला येणाऱ्या गरिबाकडून! दुकानदारावरचा ताण विक्रेत्यावर येई, विक्रेत्याचा गिऱ्हाइकावर. विक्रेता स्वतः दलालीवर जगणारा नोकर होता, महिनाअखेरीस कोटा भरला नाही तर त्याची भाकर जाई, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे विसरू शकत नाही. त्याच्यावर राग धरून इतिहास समजत नाही.

हप्त्यांची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तिचा हिशेब आपल्या घरातही येतो. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली आणि १९३५ साली 'सहा टक्के योजना' मोठ्या जाहिरातीने पुढे आणली. सहा टक्के म्हटल्यावर माणूस भुलणारच. पण हे सहा टक्के धरले होते मूळच्या सगळ्या रकमेवर, साऱ्या मुदतीसाठी. दरमहा मुद्दल फिटत जाते याचा विचार त्यात नव्हता. आपल्या रुपयांत मांडून पाहू. एक लाख वीस हजार कर्ज, बारा महिन्यांची मुदत, व्याज सहा टक्के म्हणजे ७,२०० रुपये. दरमहा दहा हजार मुद्दल फिटते. पहिल्या महिन्यात माणूस एक लाख वीस हजार वापरतो, दुसऱ्यात एक लाख दहा, आणि शेवटच्या महिन्यात केवळ दहा हजार. वर्षभराची सरासरी काढली तर त्याच्या हाती सरकारी कचेरीच्या भाषेत 'प्रत्यक्ष उपभोगलेली' रक्कम पासष्ट हजारच होती. पासष्ट हजारांवर ७,२०० म्हणजे अकरा टक्के झाले! अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ही जाहिरात फसवी ठरवली आणि १९४० साली अपील न्यायालयाने आयोगाचा हुकूम कायम केला. 'फ्लॅट रेट' हा शब्द आपल्याकडे आजही कर्जाच्या टेबलावर सर्रास ऐकू येतो, तो याच घराण्यातला आहे. जो मनुष्य पगाराच्या चिठ्ठीतील दोन रुपयांच्या फरकासाठी टाइम-ऑफिसात तासभर भांडतो, तोच येथे हिशेब न करता सही करतो; कारण हिशेब करायला त्याला कोणी एकटे सोडतच नाही.

मंदी आणि दुष्काळ यांच्या तडाख्याने ओक्लाहोमाकडची कुळे जमिनीवरून हुसकली गेली तेव्हा या धंद्याचे सर्वांत क्रूर रूप दिसले. जॉन स्टाइनबेकच्या १९३९ सालच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीचे सातवे प्रकरण सबंध अशा जुन्या मोटारींच्या अड्ड्यावरच आहे. कॅलिफोर्नियाला जायचे तर मोटार पाहिजेच, आणि जमिनीवरून निघायची तारीख तर मालकाने ठरवलेली. गिअरची घरघर दबावी म्हणून आत लाकडाचा भुसा घालायचा, चांगली बॅटरी काढून मेलेली बसवायची, हे प्रकार त्यात आले आहेत. कादंबरी म्हणून ते सोडून देता येणार नाहीत. ज्याच्या मागे निकड लागली आहे त्याला घाई करावी लागत नाही, ती आयतीच असते, हे त्यात नेमके दिसते.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ नागरी मोटारींचे उत्पादनच बंद होते. युद्धानंतरची टंचाई संपली आणि १९५३ नंतर कारखान्यांत पुन्हा चढाओढ लागली. त्या दशकात दुकानाच्या मागच्या बाजूस एक लहान खोली असे. सौदा पक्का करायची खोली ती. तेथे चालणाऱ्या युक्त्यांना त्या धंद्यात ठरलेली नावे होती. पहिला विक्रेता न परवडणारा स्वस्त भाव तोंडी सांगे, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊन परत येथेच येई. मग "साहेब मान्य करीत नाहीत" म्हणून भाव वर चढे. गिऱ्हाइकाची स्वतःची गाडी "तपासायला" म्हणून किल्ली घेऊन दूर नेऊन ठेवीत, म्हणजे त्याला उठून जाता येत नसे. या प्रकाराला घोड्यावरून उतरवणे म्हणत. पहिला थकला की दुसरा विक्रेता येई, दुसरा थकला की तिसरा. कोठे कोठे तर खोलीत चोरून ऐकण्याचे यंत्र लावलेले असे. नवराबायकोला "तुम्ही आपसांत विचार करा" म्हणून उदारपणे एकटे सोडायचे, आणि ती कोणत्या आकड्याला येतील ते पलीकडे बसून ऐकायचे.

हे वाचताना आम्हांला एका गोष्टीचे मोठे नवल वाटले. वाटाघाटींच्या टेबलावर आमची उमर गेली. "मला वरच्यांना विचारले पाहिजे" हे वाक्य आम्ही व्यवस्थापनाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे, आणि "आम्हांला सभासदांपुढे ठेवले पाहिजे" हे उत्तर आम्हीही तितक्याच वेळा दिले आहे. दोन्ही पक्षांपाशी मागे जाण्याची जागा असते, म्हणून करार करार होतो. मोटारीच्या त्या खोलीत मात्र एका बाजूला विक्रेता, त्याचा साहेब आणि त्या साहेबाचाही साहेब. दुसऱ्या बाजूला एकटा माणूस, ज्याला मागे जाऊन विचारायला कोणी नाही. संघटनेच्या बाहेर राहिलेल्या कामगाराची जी अवस्था मालकापुढे होते, तीच ही. युनियनमध्ये आम्ही नव्या प्रतिनिधीला पहिला धडा देतो तो हाच की, एकट्याने बसायचे नाही, आणि ज्या बैठकीत कागद समोर आला त्या बैठकीत सही करायची नाही. "हा देकार आज संध्याकाळपर्यंतच" अशी भाषा जो करतो त्याचा देकार बहुधा उद्याही असतो. आम्ही संपाच्या आदल्या रात्री दिलेले शेवटचे देकार दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलेले पाहिले आहेत.

कायद्याने या बाबतीत काय केले? ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी चौकशी चालवली आणि १९५८ साली प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर छापील किमतीचा कागद लावण्याचा कायदा झाला. जुनी मोटार त्यातून सुटली. १९७२ साली मीटर मागे फिरवणे हा गुन्हा ठरला. दारोदार येऊन माल गळ्यात मारणाऱ्यांविरुद्ध त्याच वर्षी व्यापार आयोगाने नियम केला, तो १९७४ पासून अमलात आला : घेणाऱ्याला तीन दिवसांच्या आत सौदा मोडता येतो. मनुष्याला विचार करायला वेळ पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले खरे, पण दुकानदाराच्या कायम जागेवर जाऊन घेतलेल्या मोटारीला ते लागू नाही. आजही अमेरिकेतील पुष्कळ लोक समजतात की तीन दिवसांत गाडी परत करता येते. तो गैरसमज आहे.

याच सुमारास या प्रश्नात अर्थशास्त्राने लक्ष घातले. जॉर्ज अकरलॉफ या तरुण प्राध्यापकाचा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. तो १९७० साली छापून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली गाडी कोणती आणि नासकी कोणती हे विकणाऱ्यालाच कळते, म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही, आणि हळूहळू बाजारात नासका मालच उरतो. म्हणजे लबाडीने गिऱ्हाईक बुडते तसा प्रामाणिक दुकानदारही बुडतो. अकरलॉफ १९६७-६८ साली दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले होते आणि त्या निबंधात आपल्या खेड्यांतील सावकारीचाही दाखला आहे. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु शास्त्राने जे सिद्ध केले ते कायद्यात उतरवताना काय झाले, ती हकीकत आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. अमेरिकन काँग्रेसने १९७५ साली व्यापार आयोगाला हुकूम केला की जुन्या मोटारींसाठी नियम करा. आयोगाने सहा वर्षे खपून १९८१ मध्ये नियम केला. त्यातले मुख्य कलम साधे होते : गाडीतील जो मोठा दोष दुकानदाराला माहीत आहे, तो त्याने काचेवर लिहून लावावा. शोधून काढा असे म्हटले नव्हते. माहीत आहे तेवढे सांगा, एवढेच. यावर मोटार दुकानदारांच्या संघटनेने रान उठवले. काँग्रेसच्या सभासदांच्या निवडणूक निधीत तिने सढळ हाताने पैसा घातला होता. मे १९८२ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध २७ आणि प्रतिनिधिगृहाने २८६ विरुद्ध १३३ मतांनी तो नियम उडवून लावला. ज्या काँग्रेसने नियम करा म्हणून सांगितले, तिनेच तो मोडला!

ग्राहकांची संघटना कोर्टात गेली. काँग्रेसला अशा रीतीने, राष्ट्राध्यक्षाची सही न घेता, नियम रद्द करण्याचा अधिकारच नाही, असा निर्णय तिने मिळवला आणि जुलै १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जिंकले म्हणून आनंद करावा, तर आयोगाने नियम पुन्हा तपासायला घेतला आणि १९८४ साली 'माहीत असलेला दोष सांगा' हे कलमच गाळून टाकले. मे १९८५ पासून जी पाटी काचेवर दिसू लागली तिच्यावर दुकानदार हमी देतो की गाडी 'जशी आहे तशी' विकतो, एवढे लिहिलेले असते. आपल्या मिस्त्रीकडून तपासून घेऊ द्याल का ते विचारा आणि तोंडी दिलेली सर्व वचने लिहून घ्या, असा सल्ला असतो. आम्ही त्या पाटीला निरर्थक म्हणणार नाही. लढाईत दोन पावले मागे येऊन एक पाऊल राखले, एवढे श्रेय तिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने भुलवणाऱ्या किमती आणि न मागितलेल्या जोडवस्तू यांविरुद्ध नवा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो पद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केला. कॅलिफोर्नियात २००६ साली अमलात आलेल्या कायद्याने चाळीस हजार डॉलरखालच्या जुन्या गाडीबाबत दोन दिवसांत सौदा मोडण्याची सवलत दिली, पण ती सवलत गिऱ्हाइकाने पैसे मोजून विकत घ्यायची! स्वतःच्याच विचाराचा वेळ माणसाला दुकानदाराकडून विकत घ्यावा लागतो, याहून मासलेवाईक उदाहरण आम्हांला सापडले नाही.

आपल्याकडे ही विद्या उशिरा आली. परवान्यांच्या राज्यात नव्या फिएटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला गळ घालण्याची गरजच नसे. टंचाईच गळ घाली. मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, १९९१ नंतर हप्ते सोपे झाले, आणि मग टोकनची घाई सुरू झाली. "दुसरी पार्टी तासाभरात येते आहे, पाच हजार टोकन टाकून ठेवा" हे वाक्य न ऐकलेला माणूस आज शहरात विरळा. हप्त्याने घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने १९७२ साली भाडेखरेदी कायदा केला होता. तो कधीही अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्याविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

घाईत जो कागद राहतो तो येथे फार महाग पडतो. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. ते 'एजंट बघेल' म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे : गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी पुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याच्यावरच. म्हणजे येथे घाई केवळ घेणाऱ्याला नडत नाही, गाडी विकून मोकळा झालो असे मानणाऱ्या गरीब मालकालाही नडते. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने, एप्रिल २०२३ पासून, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायला लावले आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेटवरील विक्रीतील तेरा फसव्या प्रकारांना मनाई केली; त्यांत पहिलाच प्रकार आहे तो 'खोट्या निकडीचा'. पॅटरसनच्या पुस्तकातील युक्ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी आमच्या राजपत्रात नाव घेऊन आली. मात्र ही मनाई पडद्यावरच्या विक्रीला आहे. अड्ड्यावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या तोंडच्या निकडीला नाही.

अमेरिकेच्या त्या पाटीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. सौदा स्पॅनिश भाषेत झाला असेल तर पाटीही स्पॅनिशमध्येच लावावी लागते. आपल्याकडे कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता आहे; तिच्यात कर्जदाराशी होणारा सर्व पत्रव्यवहार त्याच्या प्रांताच्या किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या एका सभासदाने, लेथवर काम करणाऱ्या माणसाने, जुन्या गाडीच्या कर्जाचे इंग्रजी कागद सहीला पुढे आले तेव्हा हे कलम दाखवून मराठी प्रत मागितली. टेबलापलीकडचा गृहस्थ हसला, मग आत गेला, मग कोणाला तरी फोन केला. मराठी प्रत यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत खात्यातल्या एका जोडीदाराला घेऊन त्याने गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने गाडी वर उचलून पाहिली, तर चासी पुढून ठोकून सरळ केलेली होती.